दोन महिन्यांची इंटर्नशिप आणि हलाल रोजीचा प्रश्न

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा संपवून मी दिवा मालवणार, इतक्यात फोन वाजला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन होता.

"अस्सलामु अलैकुम, मॅडम. झोपला होतात का?"

"वालैकुम अस्सलाम. नाही गं, बोल."

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, ज्या कागदावर व्याजाचा हिशेब असतो, तो कागद तयार करणाऱ्याचा पगार हलाल असतो का?"

मी वीस वर्षे मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते. ते नव्हते याचे एक कारण माझ्या स्वतःच्या घरातही होते. त्याबद्दल पुढे सांगते.

ही मुलगी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावची. तिचे वडील बारा वर्षे कुवेतला होते, आता गावात किराणा दुकान चालवतात. दहावीपर्यंत ती आमच्या उर्दू शाळेत शिकली आणि पुढे वाणिज्य शाखेसाठी मुंबईला मामूंकडे मुंब्र्याला गेली. पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि कॉलेजमार्फत तिला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका छोट्या फर्ममध्ये दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. महिना बारा हजार रुपये मानधन. काम इन्व्हेस्टमेंट बँकिंगचे.

'बँकिंग' हा शब्द ऐकताच घरात वाद सुरू झाला. वडील म्हणाले, "बँक म्हणजे सूद. आमच्या घरात आजवर सुदाचा पैसा आला नाही." आईला काळजी रात्रीच्या लोकलची. दादी एवढेच म्हणाली, "बाय, काम काय आहे ते आधी बघ तरी. बघितल्याशिवाय भाजीसुद्धा कोणी फेकत नाही."

मला दादीचे म्हणणे पटले. वडिलांना समजवायला मीच त्यांच्या घरी गेले.

काम नेमके काय असते?

इन्व्हेस्टमेंट बँक म्हणजे आपण पासबुक घेऊन जातो ती बँक नव्हे. तिथे बचत खाते नसते, मुदत ठेव नसते. ही एक सल्लागार आणि मध्यस्थ संस्था असते. ज्या कंपनीला धंदा वाढवायला भांडवल हवे आहे आणि ज्यांच्याकडे भांडवल आहे, त्या दोघांची गाठ घालून देणे हे तिचे काम. त्याबद्दल तिला फी मिळते.

हे काम साधारण तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार, कंपनीचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला आणणे, म्हणजेच आयपीओ. दुसरा, एका कंपनीने दुसरी विकत घेताना किंवा दोन कंपन्या एक होताना किंमत ठरवण्यात आणि व्यवहार पार पाडण्यात मदत करणे. तिसरा, कंपनीला कर्ज मिळवून देणे. आपल्याकडे शेअर विक्रीला आणण्याचे काम करणाऱ्यांना मर्चंट बँकर म्हणतात आणि त्यांना सेबीकडे नोंदणी करावी लागते. 2012 पासून लहान-मध्यम उद्योगांसाठी मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार या दोघांनीही वेगळे मंच सुरू केले आहेत. ही फर्म मुख्यतः अशाच कंपन्यांची कामे करत होती.

हे तीन प्रकार नीट लक्षात ठेवावेत. पुढचा सगळा पेच पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारातल्या फरकाचा आहे.

मी तिच्या वडिलांना म्हटले, "भाई, शेअर म्हणजे भागीदारी. नफा झाला तर वाटा, तोटा झाला तर तोही वाटून. आपल्या फिकहमध्ये मुदारबा आणि मुशारका म्हणजे दुसरे काय? हजरत खदीजा (रजि.) यांचे भांडवल घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) व्यापाराला गेलेच होते ना?" ते विचारात पडले. मग म्हणाले, "जाऊ दे. पण शंका आली तर तिथल्या तिथे थांबायचं." मुलीने मान डोलावली.

पहिला आठवडा : लाख आणि कोटी

सकाळी मुंब्र्याहून लोकलने कुर्ला, तिथून शेअर रिक्षाने वांद्रे-कुर्ला संकुल. काचेच्या इमारतीत पहिल्या दिवशी तिला कळेना, सरकत्या दारासमोर कार्ड नेमके कुठे टेकवायचे. बाकीचे तीन इंटर्न इंग्रजी शाळांतले. चहाच्या वेळी ते काय बोलतात हे तिला समजायचे, पण आपण बोलेपर्यंत विषय बदललेला असायचा.

तिचे काम म्हणजे एक्सेल. एका धंद्यातल्या पाच-सहा कंपन्यांचे तीन वर्षांचे आकडे त्यांच्या वार्षिक अहवालांतून काढायचे, एका तक्त्यात मांडायचे आणि आपल्या कंपनीची किंमत त्यांच्या तुलनेत किती असावी याचा अंदाज बांधायचा. मग ते सगळे सादरीकरणाच्या पानांवर घ्यायचे. स्वल्पविराम चुकला तरी पान परत यायचे.

चौथ्या दिवशी तिने एका कंपनीचे आकडे लाखांत ठेवले आणि बाकीच्यांचे कोटींत. पान थेट मोठ्या साहेबांपर्यंत गेले. साहेब सर्वांसमोर म्हणाले, "ही कंपनी तर टाटांपेक्षा मोठी झाली!" सगळे हसले. ती स्वच्छतागृहात जाऊन रडली आणि परत येऊन तक्ता दुरुस्त केला. त्या दिवसापासून प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर 'आकडे कोटी रुपयांत' हे आधी लिहायचे आणि मगच पहिला आकडा भरायचा, ही सवय तिने लावून घेतली. मी हा किस्सा आता नववीच्या वर्गात सांगते. गणितात एकक न लिहिणाऱ्या मुलांना तो चांगला लागू पडतो.

जुहर आणि असरच्या नमाजची सोय कशी होईल, ही तिची पहिल्यापासूनची चिंता होती. तिने कोणालाच विचारले नाही, संकोच वाटला. तीन दिवस ती जिन्यात वर्तमानपत्र पसरून नमाज पढली. चौथ्या दिवशी चहा देणाऱ्या काकांनी ते पाहिले आणि न विचारता एका रिकाम्या बैठकीच्या खोलीची किल्ली आणून दिली. "बेटी, दो से ढाई ये खाली रहता है." पुढे तिने साहेबांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?" आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. विचारल्याशिवाय नकार गृहीत धरू नये.

उधारीची वही

चौथ्या आठवड्यात तिला एका कंपनीच्या मसुदा प्रॉस्पेक्टसच्या कामावर घेतले. आयपीओ आणण्यापूर्वी कंपनीची सगळी माहिती ज्या दस्तऐवजात लोकांसमोर ठेवावी लागते तो हा. धंदा काय, मालक कोण, नफा किती, कोर्टकचेऱ्या किती. त्यात 'जोखमीचे मुद्दे' असा एक स्वतंत्र भाग असतो. कंपनीत काय काय बिघडू शकते हे कंपनीने स्वतःच तिथे लिहायचे असते. आणि त्यात लिहिलेले खरे आहे ना, याची कागदपत्रे तपासून खात्री करणे ही मर्चंट बँकरची जबाबदारी.

कंपनीचे नाव तिने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. पण तिला काय दिसले ते ढोबळमानाने सांगते. कंपनीची विक्री एका वर्षात झपाट्याने वाढली होती. सगळे खूश. हिच्या मात्र डोळ्यांत दुसरा आकडा खुपला. गिऱ्हाइकांकडून येणे असलेली रक्कम विक्रीपेक्षाही वेगाने वाढली होती.

"मॅडम, मला बाबांची उधारीची वही आठवली," ती म्हणाली. समजा, दुकानाची विक्री दहा लाखांवरून पंधरा लाखांवर गेली आणि त्याच वर्षी उधारी दोन लाखांवरून सात लाखांवर गेली. म्हणजे वाढलेले पाच लाख सगळे वहीतच आहेत, गल्ल्यात एक रुपयाही जास्त आलेला नाही. गणपतीच्या सुट्टीत चाकरमानी आले की विक्री वाढते आणि वहीसुद्धा, हे तिने लहानपणापासून पाहिले होते.

तिने आणखी खोदले. या उधारीतला मोठा भाग एकाच खरेदीदाराकडे होता आणि त्या खरेदीदार कंपनीत मालकांच्या जवळच्या नातलगाची भागीदारी होती. म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात माल, आणि कागदावर विक्री.

ती दोन दिवस गप्प राहिली. इंटर्नने एवढे मोठे बोलावे का? शेवटी तिने एका पानावर चार ओळी लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी ते पान दोनदा वाचले आणि कंपनीच्या मालकांना बोलावून घेतले. मालक नाराज झाले, आवाजही चढला. पण ती माहिती जोखमीच्या मुद्द्यांत ठळकपणे गेली आणि शेअरची प्रस्तावित किंमतही खाली आणावी लागली.

हे ऐकताना मला मदीनेच्या बाजारातला तो प्रसंग आठवला. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले की, भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते. फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असेही त्यांनी बजावले. सहीह मुस्लिममधली ही हदीस आपण मुलांना लहानपणीच सांगतो. भिजलेले धान्य वर ठेवणे म्हणजेच 'जोखमीचे मुद्दे'. गावातल्या किराणा दुकानदाराच्या मुलीने त्या काचेच्या इमारतीत ढिगात हात घातला होता. मला तिचा फार अभिमान वाटला.

रात्रीचे तास

या क्षेत्राची दुसरी बाजूही पालकांना माहीत हवी. दस्तऐवज दाखल करण्याच्या आठवड्यात ती रात्री साडेदहा-अकराला निघायची. ऑफिस गाडी द्यायचे, तरी मुंब्र्यात गल्लीच्या तोंडाशी मामू उभे असायचे. बकरी ईदच्या आदल्या दिवशी तिला अरफाचा रोजा होता. इफ्तार तिने टेबलावरच खजूर आणि पाण्यावर केली आणि पुन्हा पानांना लागली.

जगातल्या मोठ्या बँकांत हे याहून कठीण आहे. 2013 मध्ये लंडनला एका बड्या बँकेत इंटर्नशिप करणारा 21 वर्षांचा जर्मन विद्यार्थी राहत्या जागी मृतावस्थेत सापडला. मृत्यू अपस्माराच्या झटक्याने झाला. अतिश्रमाचा त्यात हात असू शकतो, पण तसे सिद्ध करता येत नाही, असे चौकशीत नोंदवले गेले. तरी जगभर चर्चा झाली. 2015 मध्ये गोल्डमन सॅक्सने आपल्या उन्हाळी इंटर्नना मध्यरात्र ते सकाळी सात या वेळेत ऑफिसमध्ये थांबायला मनाई केली. म्हणजे उरलेले सतरा तास मोकळेच! 2021 मध्ये त्याच बँकेतल्या पहिल्या वर्षाच्या 13 कर्मचाऱ्यांनी आपसात पाहणी केली, तेव्हा आठवड्याला सरासरी 95 तास काम आणि रात्री पाच तास झोप असा हिशेब निघाला. पगाराचा आकडा ऐकून हुरळून जाण्यापूर्वी तो किती तासांचा आहे, हे विचारावे.

सातवा आठवडा

आता त्या रात्रीच्या फोनकडे येते. इंटर्नशिप संपायला दहा-बारा दिवस उरले होते. फर्मकडे एका कारखान्याला खेळते भांडवल म्हणून कर्ज मिळवून देण्याचे काम आले. माणसे कमी होती. तिला सांगितले गेले की, कर्ज किती, व्याजदर किती, दरमहा व्याज किती आणि ते फेडण्याची कंपनीची ताकद किती, याचा पाच वर्षांचा तक्ता तयार कर.

तिने तो तक्ता केला. हे तिने माझ्यापासून लपवले नाही. "नाही म्हणायची हिंमतच झाली नाही, मॅडम. केला, पाठवला आणि घरी आले. आता झोप येत नाही."

सूरह बकरामधल्या व्याजासंबंधीच्या आयती तिला पाठ होत्या. अल्लाहने व्यापार हलाल केला आणि व्याज हराम. आणि प्रेषितांनी (स.) व्याज घेणारा, देणारा, त्याचे लिखाण करणारा आणि साक्षीदार या सगळ्यांना दोषी धरल्याची सहीह मुस्लिममधली हदीसही तिला माहीत होती. 'लिखाण करणारा' या शब्दावर ती अडकली होती.

मी तिला मुंब्र्यातल्या एका आलिम साहेबांकडे मामूंसोबत पाठवले. त्यांनी आधी अर्धा तास तिलाच बोलू दिले, कामाचा प्रत्येक प्रकार समजून घेतला. मग म्हणाले, कंपनीचा मूळ धंदा हलाल असेल आणि व्याजाचा भाग ठरलेल्या मर्यादेत असेल, तर तिचे शेअर आणण्याच्या कामाला अनेक उलमा परवानगी देतात. व्याजी कर्ज जुळवून देण्याचे काम वेगळे, ते टाळले पाहिजे. जो लाचारीत अडकला आहे त्याचा हिशेब अल्लाह जाणतो. "पण बेटी, तुझ्यासमोर दार उघडे आहे. तू निवडू शकतेस. म्हणून तुझी जबाबदारी जास्त."

ही मर्यादा हवेतली नाही. बहरीनमधल्या आयोफी या संस्थेच्या मानकांनुसार कंपनीचे व्याजी कर्ज तिच्या बाजारमूल्याच्या 30 टक्क्यांपेक्षा कमी आणि निषिद्ध मार्गाचे उत्पन्न 5 टक्क्यांच्या आत असावे लागते. आपल्या मुंबई शेअर बाजारातही 2010 मध्ये शरीयतच्या निकषांवर निवडलेल्या 50 कंपन्यांचा निर्देशांक सुरू झाला होता. व्याजमुक्त बँकेचे दार मात्र आपल्या देशात उघडलेले नाही. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2008 मध्ये तशी शिफारस केली होती, पण 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळे सांगितले. साहेब गुजराती जैन. ते म्हणाले, "मांस निर्यात करणाऱ्या कंपनीचं काम मी माझ्या हातानं करत नाही. त्यामुळे तुझं म्हणणं मला कळतं." उरलेले दिवस त्यांनी तिला शेअरच्याच कामावर ठेवले.

नोकरीचे पत्र

शेवटच्या दिवशी कायम नोकरीचा प्रस्ताव आला. वर्षाला सहा लाख रुपये. चार इंटर्नपैकी दोघांनाच आला, त्यातली एक ही. तिने लेखी विचारले, "मला फक्त शेअरच्या कामावर ठेवता येईल का?" उत्तर प्रामाणिक होते. फर्म लहान आहे, माणसे कमी आहेत, कायमची हमी देता येणार नाही.

तिने मला विचारले. आणि मी काय सांगितले? मी म्हटले, "दोन वर्षे कर, अनुभव घे, मग बदल." मला वाटले, आमच्या शाळेतली मुलगी तिथवर पोहोचली आहे, तिने परत फिरू नये.

मनात दुसरेही काही होते. आमचे घर बँकेच्या कर्जावर घेतलेले आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या पगारातून हप्ता जातो आणि त्यात व्याज असते. तिने मला तोंडावर विचारले नाही, ती विचारणारही नाही. पण तिला 'घे' म्हणताना मी माझीच बाजू मांडत होते, हे मला नंतर कळले.

तिने नोकरी नाकारली. सर्वांत जास्त वाईट वाटले ते तिच्या वडिलांना, ज्यांनी सुरुवातीला विरोध केला होता! ते मला म्हणाले, "मॅडम, मी सांगितलं होतं शंका आली तर थांब. ती थांबली. आता मी काय बोलू?" दादीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुआ दिली.

तीन महिने ती घरी होती. ते महिने सोपे नव्हते. नातेवाईक विचारायचे, मैत्रिणींच्या नोकरीच्या बातम्या यायच्या. मग एका शेअर संशोधन करणाऱ्या कंपनीत तिला काम मिळाले. पगार जवळपास निम्मा. कंपन्यांचे ताळेबंद वाचायचे आणि ढिगात हात घालून ओल शोधायची. अल्हम्दुलिल्लाह, ती संध्याकाळी साडेसातला घरी असते.

आमच्या घरीही एक बदल झाला. यंदा सुट्टीतल्या प्रवासाचे पैसे आम्ही कर्जाच्या मुद्दलात भरले. कर्ज अजून फिटलेले नाही. इन्शाअल्लाह, मुदतीआधी फेडायचे असे दोघांनी ठरवले आहे.

पालकांसाठी आणि मुलांसाठी

मुलगा किंवा मुलगी या क्षेत्रात जाऊ इच्छित असेल, तर काही गोष्टी लक्षात असू द्याव्यात.

1. 'बँकिंग' शब्द ऐकून दार बंद करू नका आणि पगार ऐकून उघडूही नका. कोणत्या विभागात काम आहे, शेअरचे, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे की कर्जाचे, हे आधी विचारा.

2. फर्मची सेबीकडे नोंदणी आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येते. इंटर्नशिप देण्यासाठी जो पैसे मागतो, त्याच्यापासून दूर राहा.

3. ताळेबंद वाचणे आणि एक्सेल या दोन गोष्टी आधी पक्क्या करा. सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेची मर्चंट बँकिंगची परीक्षा आहे, तीही देता येते.

4. उर्दू किंवा मराठी माध्यमाचा न्यूनगंड नको. इंग्रजी सरावाने येते. हिशेबाची नजर घरच्या दुकानातूनही येते.

5. नमाजची वेळ, रात्रीचा परतीचा प्रवास आणि गाडीची सोय याबद्दल पहिल्याच दिवशी अदबीने, पण स्पष्ट विचारा.

6. शंका आली तर अर्धवट माहितीवर फतवा शोधू नका. आपले काम आलिमांना नीट समजावून सांगा. आपण जसे सांगू तसेच उत्तर मिळते.

आणि एक विनंती आपल्यासाठी, मोठ्यांसाठी. मुले जेव्हा हलाल-हरामचा प्रश्न घेऊन येतात, तेव्हा आपल्या सोयीचे उत्तर त्यांच्या पदरात टाकू नये. माझ्याकडून ते झाले होते. मुलगी माझ्यापेक्षा खंबीर निघाली, ही अल्लाहची मेहेरबानी.

अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलाबाळांना इल्म देवो, मेहनतीची ताकद देवो आणि त्यांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.